राजकन्येचं गाणं आणि सासऱ्यांची पंचगिरी

माझा घोटा मोडला तेव्हा स्कूटर उभी होती. रायपूरच्या पुरानी बस्तीत एका देवळासमोर मी ती स्टँडवर चढवत होतो, स्टँड घसरला आणि गाडी सावकाश माझ्या पायावर येऊन टेकली. डॉक्टरांनी सहा आठवड्यांचं प्लास्टर घातलं. ऑफिसात कळवलं तर साहेबांनी विचारलं, "स्पीड कितनी थी?" मी फोनचा आवाज नीट येत नाही असं सांगितलं.

बायको कॉलेजच्या लायब्ररीत नोकरीला, मुलगी अकरावीत. दहाच्या सुमाराला दोघी घराबाहेर पडायच्या, त्या चार-पाचला परत. मला एकट्याला ठेवायला बायको तयार नव्हती, म्हणून तिने आपल्या वडिलांना सांगितलं. ब्राह्मणपाऱ्यातून ते रोज येतील, जेवणाचा डबा आणतील आणि दिवसभर माझ्याजवळ बसतील. हे ऐकून मला घोट्यापेक्षा जास्त दुखलं.

माणूस वाईट नव्हता. उलट फारच चांगला. पण लग्नाला सतरा वर्षं होऊनही आम्हा दोघांना बोलायला विषय सापडला नव्हता. मी साताऱ्याकडचा, नोकरीसाठी इथे आलेला. त्यांच्या घराण्याच्या कितीतरी पिढ्या रायपुरात गेलेल्या. ते एका शाळेत खेळाचे मास्तर होते आणि जिल्ह्यातल्या कबड्डीच्या सामन्यांना पंच म्हणून जात. मला कबड्डीतलं काही कळत नाही. आमचं बोलणं "ऊन फार आहे, बाबा," आणि त्यांचं "हव," म्हणजे हो, इथेच संपायचं.

पहिले दोन दिवस आम्ही भिंतीकडे पाहत काढले. तिसऱ्या दिवशी मुलीला आमची दया आली असावी. शाळेत जाताना तिने टीव्हीला तिचं खेळायचं यंत्र जोडून दिलं आणि एक जपानी खेळ लावला. "पापा, इसमें जल्दी नहीं करनी पड़ती," ती म्हणाली. "आप भी खेल लोगे." ती मराठी सगळं समजते, पण उत्तर हिंदीतच देते.

खेळ म्हणजे एक लांबलचक गोष्ट होती. एका राज्यावर काळं धुकं पसरलेलं असतं आणि सहा सोबती ते घालवायला निघतात. वाटेत राक्षस भेटले की लढाई. लढाईत सगळे रांगेत उभे राहतात आणि आपली पाळी आली की वार करतात. पडद्यावर इंग्रजी अक्षरं यायची, ती मी मराठीत वाचून दाखवायला लागलो. बाबा पाटावर बसल्यासारखे ताठ बसून ऐकत होते. तासाभराने ते पहिल्यांदा बोलले.

"हा कप्तान काहून बोलत नाही?"

तो नायक. केस वर उभे, पाठीवर त्याच्यापेक्षा मोठी तलवार. कोणीही काही विचारलं की त्याच्या तोंडासमोर तीन टिंबं यायची.

"त्याची स्मृती गेली आहे, बाबा."

"स्मृती गेली, जीभ नाही गेली. सहा जणांची टीम आहे, एक शब्द सांगून नाही राहिला. असा कप्तान मी पहिल्याच दिवशी बदलला असता."

आणि मग बांध फुटला. सतरा वर्षांत ऐकलं नव्हतं एवढं मी त्या आठवड्यात ऐकलं. औषध देणारी एक मुलगी होती, ती प्रत्येक वाक्याला माफी मागायची आणि एका फटक्यात आडवी व्हायची. "इले कोणी रागावतं का घरी?" बाबा काळजीने विचारायचे. एक ढालवाला जाडा होता. त्याला फक्त जेवणाबद्दलच बोलायला दिलं होतं. गाव जळत असलं तरी तो म्हणायचा, भूक लागली. हे बाबांना लागलं, कारण ते स्वतः अंगाने भरलेले आहेत. "जाड्या माणसाले दुसरं काही सुचतच नाही, असं या लोकांले वाटते का? मी तर दोनदा जिल्ह्याच्या टीममध्ये होतो." एक राजकन्या होती, जी दासीच्या वेषात आली होती. ती राजकन्या आहे हे आम्हाला पाहताक्षणी कळलं. तिच्या सोबत्यांना कळायला अकरा तास लागले. बाबा त्यांच्यावर दिवसभर नाराज होते.

मुखवटेवाला माणूस आला तेव्हा बाबा म्हणाले, "हा दगा देणार."

मी म्हणालो, "असं कसं म्हणता? आपला सगळ्यात चांगला लढवय्या आहे तो."

"तोंड झाकून खेळायले येतो म्हणजे काय?"

मी ऐकलं नाही. आमच्याकडचं सगळ्यात भारी चिलखत त्यालाच घातलं. चार दिवसांनी एका पुलावर त्याने मुखवटा काढला, हसला आणि शत्रूकडे गेला. चिलखत अंगावरच. परत काही मिळालं नाही. बाबा उठून खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

"टीम सोडायची तर सोड," ते बाहेर बघत म्हणाले. "पण जर्सी जमा करून जावं लागते. हा साधा नियम आहे."

त्याच्या जागी एक म्हातारी आली, भालेवाली. पांढरे केस, कंबर ताठ. ती एवढ्या उशिरा आली की बाकीच्यांच्या मानाने अगदीच कच्ची होती. बाबांनी तिला जवळजवळ दत्तक घेतलं. तिला तयार करायला आम्ही दोन अख्खे दिवस एकाच जंगलात बेडूक मारत फिरलो. "पाय पाहा तिचे," ते म्हणायचे. "जागा सोडत नाही."

खरी अडचण सुरू झाली ती राजकन्येच्या गाण्यामुळे. खेळाच्या मध्यावर तिला एक गाणं येऊ लागलं. ते म्हटलं की आपल्या सगळ्यांना एकाच पाळीत दोनदा वार करता यायचे. मग समोरच्याची पाळीच येत नसे. चार लढाया आम्ही अशा जिंकल्या. मला तर मजाच वाटत होती. पाचवीला एक मोठी थोरली गोम होती. ती बिचारी रांगेत उभी राहिली आणि हललीसुद्धा नाही, तोच मेली.

बाबांनी हात वर केला, सामना थांबवताना करतात तसा. "हा सामना नाही, जावईबापू. ही मारहाण आहे."

"पण खेळातच दिलंय ते."

"देऊ द्या. आपण नाही वापरायचं."

"का पण?"

"तिले एक तरी पाळी भेटली पाहिजे ना."

त्यांचं म्हणणं असं की बनवणाऱ्यांनी तराजू लावलाच नाही. एकीकडे हे गाणं, दुसरीकडे विषाचा मंत्र, जो किरकोळ किड्यांवर चालतो पण मोठ्या राक्षसावर कधीच नाही. "जिथे कामाचं, तिथे चालत नाही. तर मग शिकवलं काहून?" नियम ठरला. राजकन्या रांगेत उभी राहील, पण गाणार नाही.

त्यानंतर आलं दलदलीतलं कासव.

त्या कासवाने आम्हाला पाच दिवस मारलं. गाण्याशिवाय त्याची पाठ फुटेना, आणि त्याची पाळी आली की औषधवाली मुलगी माफी मागत पडायची. दिवसातून दहा-बारा वेळा आम्ही हरायचो. मी म्हणायचो, "बाबा, एकदाच." ते म्हणायचे, "नाही." डबा उघडायचा, तांदळाच्या पिठाचा वाफवलेला फरा खायचा, पुन्हा हरायचं. सासूबाईंचा फरा उत्तम होतो, पण त्या आठवड्यात मला चव लागली नाही.

सहाव्या दिवशी बाबांना यायला उशीर झाला. मी घरात एकटा, समोर कासव. मी राजकन्येला गायला लावलं. दोन मिनिटांत कासव उलटं झालं. खरं सांगायचं तर मला फार बरं वाटलं.

बाबा आले तेव्हा आमचे सहा जण डोंगरावर पोचले होते.

"कासव?"

"झालं. आज नशीब चांगलं होतं. भालेवालीने शेवटचा घाव घातला."

त्यांचा चेहरा असा खुलला की मला लगेच पश्चात्ताप झाला. तिने तो घाव कसा घातला, कोणत्या पाळीला, हे त्यांनी मला तीनदा विचारलं. मी तिन्ही वेळा वेगळं सांगितलं. चारला मुलगी आली, तर तिलाही कौतुकाने सांगू लागले. तिने यंत्र हातात घेतलं, कुठलीशी यादी उघडली आणि सहज म्हणाली, "आबा, कछुए वाली बैटल में तो गाना यूज़ हुआ है. यहाँ लिखा रहता है."

बाबा उठले. रिकामा डबा पिशवीत घातला, चपला घातल्या आणि गेले. दुसऱ्या दिवशी डबा आला, पण एका ओळखीच्या ऑटोवाल्याच्या हातून. ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही.

बायकोने संध्याकाळी विचारलं, "बाबांशी काय झालं तुमचं?"

"कासवावरून."

"सतरा वर्षांत भांडला नाहीत," ती म्हणाली, "आता भांडलात, ते कासवावरून."

रविवारी मी कुबडी घेऊन ऑटोने ब्राह्मणपाऱ्यात गेलो. गल्ली अरुंद, समोरून दुचाक्या, त्यात माझा प्लास्टरचा पाय. बाबा ओट्यावर शेंगा सोलत होते. मला पाहून त्यांनी आधी खुर्ची आणली, मग पायाखाली ठेवायला स्टूल आणलं, मग पाणी. मगच बसले.

"चुकलं माझं," मी म्हणालो. "खोटं बोललो."

"हव." एक शेंग सोलून झाली. "मले राग गाण्याचा नाही आला. पाच दिवस हरला, माणूस थकतो. पण तुम्ही म्हणाले भालेवालीनं मारलं. मी तुमच्या सासूले सांगून दिलं. शेजारच्या वकीलसाहेबांले सांगून दिलं."

आतून सासूबाई म्हणाल्या, "मले तर अजून समजलं नाही, कोण म्हातारी अन् कोणतं कासव."

बाबा हसले. म्हणाले, "तसं पाहिलं तर दोष तुमचा कमी आहे. नियमच असा ठेवला तर खेळाडू तो वापरेलच. पंचानं खेळाडूवर डूख नाही धरावा. ज्यानं नियम बनवला, त्याले लिहावं."

आणि त्यांनी खरंच लिहिलं. दोन पानी पत्र, शाळेत अहवाल लिहीत तसं. 'महोदय' इथून सुरुवात. कप्तानाने बोलावे. माफी मागणाऱ्या मुलीस घरची माणसे व थोडा आत्मविश्वास द्यावा. जाड्या खेळाडूस जेवणाव्यतिरिक्त विचार द्यावेत. संघ सोडणाऱ्याकडून साहित्य परत घ्यावे. राजकन्येचे गाणे निम्म्याने कमी करावे. विष मोठ्यांनाही लागावे. शेवटी, 'भालेवाल्या आजींना फार उशिरा घेतले, त्यांना आरंभीपासून संधी द्यावी.' मुलीने ते इंग्रजीत करून खेळाच्या पानावर टाकलं.

उत्तरं भराभर आली. तिने वाचून दाखवली. बरेच जण म्हणत होते, काका बरोबर बोलतात. काही जण गाण्याच्या बाजूने भांडले. एकाने लिहिलं होतं ते वाचताना ती जरा अडखळली. "ये बोल रहा है, आबा को खेलना ही नहीं आता."

"बरोबर आहे," बाबा म्हणाले. "मी कुठे खेळतो? मी पंच आहे."

माझं प्लास्टर निघायच्या आठवड्यात खेळात बनवणाऱ्यांकडून बदल आला. आता हे पत्रामुळे झालं की जगभरच्या लोकांनी आधीच कटकट केली होती म्हणून, देव जाणे. बाबांना पहिल्याबद्दल खात्री होती. यादी मी मोठ्याने वाचली. राजकन्येचं गाणं एका लढाईत एकदाच. बाबांनी मांडीवर थाप मारली. विषाबद्दल काही नाही. कप्तानाबद्दल काही नाही. आणि खाली एक ओळ होती, ती मी वाचायची की नाही असा क्षणभर विचार केला. मग वाचली. भालेवालीच्या घावाचं बळ कमी केलं होतं, बरंच.

मला वाटलं, आता दुसरं पत्र.

"दाखवा एक लढाई," ते म्हणाले.

मी दाखवली. पूर्वी जो राक्षस तिच्या एका घावात जायचा, तो आता तीनमध्ये गेला. त्यांनी आणखी एक पाहिली, आणखी एक.

"बरोबर केलं त्यांनी," शेवटी म्हणाले. "जास्तच चालत होता तिचा भाला. मले दिसत होतं. बोललो नाही."

मग चष्मा पुसून त्यांनी हात पुढे केला. "द्या बरं ते इकडे."

सहा आठवड्यांत त्यांनी ते यंत्र एकदाही हातात घेतलं नव्हतं. मी कोणतं बटण कशाचं ते सांगितलं. त्यांनी मान डोलावली, अंगठा उचलला आणि आमच्याजवळची एकुलती एक संजीवनी समोरच्या अस्वलाला पाजली. अस्वल ताजंतवानं झालं. पुढच्या पाळीला त्याने आमची अख्खी रांग झोपवली.

मुलगी दारात उभी राहून पाहत होती. "आबा, आपने दुश्मन को दवाई पिला दी."

"हव," बाबा म्हणाले, पडद्यावरची नजर न काढता. "कुठून सुरू करायचं आता? हे दाबू?"