भाऊजींना बाकावर कोण बसवणार?

हात पुढे केलेला माणूस समोर उभा आहे आणि आमच्या भाऊजींनी त्या हातावर काही ठेवलं नाही, असं पृथ्वीच्या पाठीवर आजवर घडलेलं नाही. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे नागपूरचे, टेक्सासात अर्विंगला बरीच वर्षं काढलेले, एका कंपनीचे डेटाबेस सांभाळतात, आणि उरलेल्या वेळात घरातल्या वस्तू जगात वाटून टाकतात. त्यांच्या दारात पार्सल ठेवायला आलेला माणूस जाताना सांडगी मिरच्यांची पिशवी घेऊन जातो. झुरळांचं औषध मारायला आलेल्या एका धिप्पाड गृहस्थाला त्यांनी मेतकूट दिलं, आणि ते मऊ भातावर कसं घ्यायचं हे समजावण्यात इतका वेळ घालवला की त्याची पुढच्या घरी जायची वेळ झाली आणि झुरळं वाचली. पाऊस आला की दुकानाच्या दारात अडकलेल्या कोणाला तरी स्वतःची छत्री देऊन ते भिजत गाडीपर्यंत येतात. 'त्याची गाडी लांब होती ना बाप्पा,' एवढंच स्पष्टीकरण. ताईने छत्र्या मोजायचं कधीच सोडून दिलंय.

त्यांच्या शेजारी बसून गाडीतून जाणं ही संयमाची परीक्षा असते. इथे वस्तीतल्या चौकांत सिग्नल नसतात, चारी बाजूंना थांबण्याच्या पाट्या असतात. सगळ्यांनी थांबायचं आणि जो आधी आला त्याने आधी जायचं, इतका साधा नियम. भाऊजी आधी आलेले असतात, पण आधी जात नाहीत. काचेआडून हात हलवून ते डावीकडच्याला म्हणतात, व्हा पुढे. मग उजवीकडच्याला, मग समोरच्याला. तोवर डावीकडे नवी गाडी येऊन थांबते, आणि तिच्यावर अन्याय करणं त्यांच्या जिवावर येतं. एकदा त्यांच्या घरामागच्या चौकात आम्ही इतका वेळ उभे होतो की माझ्या मांडीवरच्या डब्यातलं श्रीखंड पातळ व्हायला लागलं. कोणी तरी फोन केला असावा, कारण पोलिसांची गाडी आली. पोलीस खाली उतरून काही विचारणार, तोच भाऊजींनी त्यालाही हात केला, तुम्ही आधी. तो बिचारा दोन क्षण बघत राहिला आणि खरोखरच गाडीत बसून निघून गेला.

अशा माणसाने कुठलाही खेळ खेळावा, पण अमेरिकन फुटबॉल खेळू नये. खेळलाच तर निदान क्वार्टरबॅक होऊ नये. क्वार्टरबॅक म्हणजे ज्याच्या हातात दर वेळी पहिल्यांदा चेंडू येतो आणि जो तीन-चार सेकंदांत ठरवतो की तो कोणाकडे फेकायचा. आपल्या माणसाकडे फेकायचा, एवढीच काय ती अट. आमची लीग म्हणजे आसपासच्या गावांतल्या देसी मंडळींची, रविवारी सकाळी ऊन तापायच्या आत पार्कच्या मैदानावर चालणारी. इथे कोणी कोणाला आडवं पाडत नाही. कमरेला लटकणारी रंगीत पट्टी ओढली की झालं, कारण सोमवारी सगळ्यांनाच कामावर धडधाकट हजर व्हायचं असतं. भाऊजी या टीमचे संस्थापक आणि पहिल्या दिवसापासूनचे क्वार्टरबॅक. नियमांच्या पुस्तकाला त्यांनी खाकी कव्हर घातलंय, वर लेबल लावून नाव लिहिलंय आणि आत पेन्सिलीने रेघा मारल्यात. आणि फेक? कॉलेजात क्रिकेट खेळताना सीमारेषेवरून थेट यष्टिरक्षकाच्या हातात चेंडू टाकणारा तो हात आहे. त्यांनी फेकलेला चेंडू गिरक्या घेत, रेषेसारखा सरळ जातो आणि समोरच्याच्या छातीशी अलगद विसावतो. फक्त ती छाती बहुधा दुसऱ्या टीमची असते.

याचं कारण शोधून काढलं ते शेजारच्या प्लेनो गावच्या टीमच्या कॅप्टनने. हा श्रीनिवास हैदराबादचा, मोठा गोड आणि तेवढाच बिलंदर माणूस. मी 'भाऊजी' म्हणतो म्हणून आमची टीम त्यांना भाऊजी म्हणायला लागली, आणि टीम म्हणते म्हणून अख्खी लीग. आमची पोरं पळता पळता 'भाऊजी, इकडे' असं ओरडतात हे श्रीनिवासने ऐकलं आणि मराठीतले तेवढे दोन शब्द घोटून घोटून पाठ केले. पुढच्या सामन्यात त्याने मोकळ्या जागी जाऊन दोन्ही हात उंच केले आणि अगदी आर्जवाने हाक मारली. भाऊजींनी चेंडू त्याच्याकडे पोचवला. आम्ही पंचांकडे तक्रार केली. पंच म्हणजे एक निवृत्त अमेरिकन पीटी शिक्षक. त्यांनी त्या शब्दांचा अर्थ विचारून घेतला, बराच विचार केला आणि निकाल दिला की मेहुण्याला हाक मारण्यावर पुस्तकात बंदी दिसत नाही. तेव्हापासून लीगमधल्या प्रत्येक टीमला, तेलुगू असो की गुजराती, एवढं मराठी येतं. मराठीच्या प्रसाराचं याहून भरीव कार्य टेक्सासात झालेलं नाही.

मागच्या मोसमात मात्र हसण्याचे दिवस संपले. पहिल्यांदाच आमची टीम वर आली होती आणि प्लेनोबरोबरचा सामना हरणारा घरी जाणार होता. लगेच भाऊजींना वगळून एक नवा व्हॉट्सॲप ग्रुप निघाला. त्यावर रात्रंदिवस एकच वाद, त्यांना बाकावर बसवायचं की नाही. एका पक्षाचं म्हणणं, आपले पास आपल्यापेक्षा समोरच्या टीमनीच जास्त पकडलेत. दुसरा पक्ष म्हणे, असा हात असलेला माणूस बसवणं हा करंटेपणा आहे, त्यापेक्षा त्यांच्या कानात कापूस घालू. बदली खेळाडू तयार होता. अनिकेत, पुण्याचा, इथल्या विद्यापीठात एमएस करणारा. त्याचा चेंडू हवेत फडफडत जाई, पण जाई आमच्याच माणसाकडे. शेवटी अनिकेतनेच लिहिलं, 'कॅप्टन, तुझे भाऊजी आहेत यार, तू सांग.' कॅप्टन दुर्दैवाने मी होतो.

मला ते सांगवत नव्हतं, आणि त्याचं कारण ग्रुपवर लिहिण्यासारखं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी माझी नोकरी गेली होती. व्हिसावर असलेल्या माणसाची नोकरी जाते तेव्हा घड्याळ सुरू होतं. दोन महिन्यांत दुसरी मिळाली नाही तर सामान आवरायचं. मी पडदे ओढून घरात बसलो. फोन घेत नव्हतो, ताईचाही नाही. एका रविवारी भाऊजी दारात उभे, हातात तो लंबगोल चेंडू. म्हणाले, 'सेलमध्ये घेऊन बसलो बाप्पा, पण धरतात कसा तेच समजत नाही. चल, दाखव.' मलाही समजत नव्हतं. आम्ही दोघं पार्कात तासभर तो चेंडू एकमेकांच्या अंगावर टाकत होतो. पुढच्या रविवारी ते परत आले, त्याच्या पुढच्या रविवारी कोणी दोघं थांबून बघायला लागले, आणि त्यांतल्या एकाने आपल्या ऑफिसात माझा बायोडेटा दिला. टीम अशी जमली. त्या माणसाला मी सांगायचं, की तुम्ही आता बसा.

तरी शनिवारी हिय्या करून गेलो. दोन तास बसलो, विषय काढण्यासाठी सहा वेळा खाकरलो. भाऊजींना वाटलं मला खोकला झालाय. निघालो तेव्हा माझ्या हातात आल्याचा अर्क, ज्येष्ठमध, गरम थालीपिठं आणि त्यांचा मफलर होता, आणि सांगायचं ते घशातच होतं. ताई दारापर्यंत आली आणि म्हणाली, 'काय सांगायला आला होतास ते मला कळलंय. नीट सांग हं त्यांना.'

रविवारी मी त्यांनाच खेळवलं. सामन्याआधी त्यांनी नेहमीप्रमाणे थर्मासमधून दोन्ही टीमना आल्याचा चहा दिला, प्लेनोला आधी, कारण ते पाहुणे. मग खेळ सुरू झाला. पहिली हाक आली, चेंडू गेला. दुसरी आली, दुसरा गेला. तिसऱ्या वेळी श्रीनिवासने हाकही मारली नाही, नुसते हात केले. अर्धा सामना संपला तेव्हा आम्ही बरेच मागे होतो आणि आमची सगळी टीम माझ्याकडे बघत होती, बुटांकडे बघितल्याचं दाखवत.

मी भाऊजींना बाजूला नेलं आणि म्हणालो, 'भाऊजी, आता थोडा वेळ अनिकेतला...' त्यांनी मला पूर्ण करू दिलं नाही. कमरेच्या पट्ट्या सोडल्या, घडी करून अनिकेतच्या हातात दिल्या आणि स्वतःचा रुमालही दिला, चेंडू पुसायला. मग निळ्या घडीच्या खुर्चीत बसले. मीही दोन मिनिटं शेजारी टेकलो. काही तरी बोलायचं म्हणून विचारलं, की त्यांना खरंच ओळखू येत नाही का कोण आपलं ते.

'येते ना,' ते म्हणाले. 'शर्टाचा रंग दिसते मला. पण माणूस इतक्या भरवशाने हात वर करते, आणि आपण दुसरीकडे फेकायचा? हात नाही वळत माझा.' मग माझ्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाले, 'तू नको वाईट वाटून घेऊस. तू घराबाहेर पडलास त्या दिवशीच मी जिंकलो. जा, खेळ.'

मी उगाच बुटाची नाडी बांधत बसलो. दुसऱ्या अर्ध्यात श्रीनिवासने घसा बसेपर्यंत हाका मारल्या, पण अनिकेत पडला पुण्याचा, हाकेला लगेच ओ देणं त्याच्या रक्तात नाही. आम्ही एका टचडाउनने जिंकलो. सगळ्यांत मोठ्याने टाळ्या भाऊजींनी वाजवल्या. त्यातल्या अर्ध्या प्लेनोसाठी होत्या.

त्यानंतर ते खेळले नाहीत. रविवारी यायचे, चहा द्यायचे, खाकी कव्हरचं पुस्तक मांडीवर घेऊन बसायचे. मी म्हणायचो, आज थोडा वेळ उतरा, तर म्हणायचे, अनिकेतला जमलंय, कशाला हलवतोस. वसंतात त्यांची कॅलिफोर्नियात सनीव्हेलला बदली झाली. निघताना त्यांनी घरातलं निम्मं सामान लोकांना वाटलं आणि मला तो पहिला चेंडू दिला. हे असं होणार हे आधी कळलं असतं तर मी त्यांना प्रत्येक सामन्यात खेळवलं असतं, हरलो असतो तरी. ताई फोनवर सांगते की तिथल्या चौकात त्यांच्यामागे आत्ताच रांगा लागायला लागल्यात.

आता आम्ही बहुतेक सामने जिंकतो. चहा ज्याचा त्याने आणायचा असतो, आणि सामना संपला की प्लेनोवाले सरळ गाड्यांकडे जातात. गेल्या रविवारी आम्ही भरपूर पुढे होतो. चेंडू अनिकेतच्या हातात होता, आमचा माणूस पुढे मोकळा होता, आणि सवयीने श्रीनिवासने दोन्ही हात वर करून हाक मारली, 'भाऊजी, इकडे.' म्हटल्याबरोबर त्याचं त्यालाच उमगलं. हात तसेच वर राहिले. धावणारे सगळे जागच्या जागी थांबले, पंचही. अनिकेतने एकदा मैदानाबाहेर, जिथे निळी खुर्ची असायची तिकडे बघितलं, आणि मग चेंडू अगदी अलगद श्रीनिवासकडे टाकला. अनिकेतला बाकावर बसवा असं कोणीच म्हटलं नाही.