फलाटावरचं संस्कृत

मला हेवा वाटला, आणि तो अजून गेलेला नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझी हस्तपत्रकं वाचणाऱ्यांचा समज असा की हा माणूस नुसता न्यायासाठी भांडतो. भांडतोच. पण पोटात काय जळत होतं तेही लोकांना कळू दे.

आम्ही दोघं कल्याणचे. मी तेल्याचा, तो कुंभाराचा. लहानपणापासून एकत्र वाढलो आणि पुढे रोज आगगाडीने ठाण्याच्या हायस्कुलात जायला लागलो. मॅट्रिकला इंग्रजीच्या जोडीला आणखी एक भाषा घ्यावी लागते. आमच्या शाळेत त्यासाठी दोनच वर्ग, संस्कृत आणि फारसी. मराठीचं काय? पदवीच्या अभ्यासात तिला जागाच नाही! आईच्या मांडीवर शिकलेली भाषा विद्यापीठाला विद्वान वाटत नाही, आणि विद्वान भाषा आम्हाला कोणी शिकवत नाही. असा हा बंदोबस्त.

शिकवू नये असा नियम कुठेही लिहिलेला नव्हता. शाळा सरकारी, दार सगळ्यांना उघडं. पण आमच्यापैकी कोणी वर्गात शिरला की संस्कृतचे शास्त्रीबुवा, तेही कल्याणचेच, पुस्तक मिटायचे आणि खिडकीबाहेर बघत बसायचे. मी शिरून पाहिलं होतं. बुवा खिडकीबाहेर बघत होते, वर्ग माझ्याकडे. शेवटी हेडमास्तरांनी मला बाहेर बोलावलं.

"अरे, फारसी घे ना. मुनशी चांगले आहेत, मार्कही बरे पडतात."

मुनशी खरंच चांगले होते. पण ज्या पोथ्या पुढे करून माझ्या बापाला गप्प बसवतात त्या मला स्वतः वाचायच्या होत्या, आणि संस्कृत घेऊन बी. ए. व्हायचं होतं. दुसरं काही नको होतं.

नाइलाजाने फारसीत बसलो. कुंभाराचं पोर माझ्या शेजारी बसून जांभया द्यायचं. मला वाटायचं, बिचारा, त्याचंही मन लागत नाही.

त्या काळात मी जातीच्या अन्यायाविरुद्ध भांडणाऱ्या आमच्या मंडळीत पत्रकं लिहायला शिकत होतो. एका संध्याकाळी ठाण्याच्या छापखान्यातून निघायला उशीर झाला, नेहमीची गाडी चुकली, पुढच्या गाडीने आलो. कल्याणच्या फलाटाच्या टोकाला मालाच्या गोण्या रचलेल्या होत्या. त्यांच्या आडून आवाज आला म्हणून वाकून पाहिलं. बाकाच्या एका टोकाला शास्त्रीबुवा, दुसऱ्या टोकाला माझा मित्र, मध्ये आडवी ठेवलेली छत्री. आणि मित्र श्लोकाचा अन्वय लावत होता! अडखळत नव्हता. बुवा डोळे मिटून मान हलवत होते. रोज 'तू हो पुढे' म्हणून तो फलाटावर का मागे राहायचा, ते आता कळलं.

बाहेर रस्त्यावर मी त्याला गाठलं.

"कधीपासून चाललंय?"

"दिवाळीपासून."

"आणि फारसीच्या तासाला जांभया देतोस ते?"

"मग काय करू लेका? डोक्यात दोन-दोन भाषा. झोप नको यायला?"

"तुला घेतलं कसं त्यांनी?"

तो बुवांच्या घरी घागरी पोचवायला जायचा. ओट्याखाली उभं राहून एकदा विचारलंन. बुवा म्हणाले, आगगाडीत कोण कोण अंगाला लागतं, त्यामुळे घरी गेल्यावर मला आंघोळ करावीच लागते. त्या आंघोळीच्या आधी तुला शिकवलं तर माझं वेगळं काही बिघडत नाही. स्टेशनावर थांबत जा.

"अरे, पण सकाळी शाळेत येतात ते काय पालखीतून?" मी म्हटलं. "त्याच गाडीने येतात ना? मग वर्गात कसला विटाळ?"

"मीही विचारलं तेच."

"मग?"

"म्हणाले, शाळेत मी शास्त्री. फलाटावर मी उतारू."

मला हसू आलं आणि लगेच अंगाची आग झाली. "मला का नाही सांगितलंस?"

"सांगून काय करणार होतास? तू मागत नाहीस, भांडतोस. उद्या पत्रक काढशील आणि माझा बाक जाईल." मग तो म्हणाला, "तरी मी विचारलं होतं रे. तेल्याच्या पोराला आणू का म्हणून. ते म्हणाले, आंघोळीने विटाळ जातो, अपशकुन जात नाही."

बघा कसं असतं. यांच्या देवापुढचा दिवा आमच्या तेलावर जळतो, पण घराकडे निघताना तेल्याचं तोंड दिसता कामा नये. कुंभाराची घागर मात्र सोवळ्याच्या पाण्याला चालते, म्हणून कुंभाराचं पोर अर्ध्या बाकापुरतं चालतं. आम्हाला खाली ठेवणाऱ्यांनी खालीही पायऱ्या करून ठेवल्यात, आणि माझा जिवाभावाचा मित्र माझ्याहून एक पायरी वर निघाला! शास्त्र्याचा मला राग आला होता. हेवा वाटला तो मित्राचा, आणि रागापेक्षा तो जास्त टिकला.

दुसऱ्याच दिवशी पत्रक लिहायला घेतलं. फलाट, बाक, छत्री, सगळं त्यात घातलं. मित्राला कुठून तरी कळलं, तो सरळ आमच्या घाण्यावर आला.

"परीक्षेपर्यंत थांब. नंतर माझं नाव घालून छाप."

"आणि मी काय करू तोवर? फारसी?"

"तू थांबला नाहीस तर मलाही फारसीच."

बाप बैलामागे उभा होता. तो म्हणाला, "काय छापायचं ते छापा, पण भांडण बाहेर न्या. बैल थांबलाय."

मी थांबलो. मोठेपणाने नाही. तेल्याने कुंभाराची परीक्षा बुडवली म्हणून टाळ्या कोणी वाजवल्या असत्या ते मला दिसत होतं, आणि वर्ग बंदचा बंदच राहिला असता. पुढे रोज मी नेहमीच्या गाडीने येऊन घरी जायचो आणि तो फलाटावर मागे राहायचा. ते महिने कसे काढले ते माझं मला माहीत.

घरी तयारी केली, असं हेडमास्तरांना सांगून तो संस्कृत घेऊन बसला आणि पास झाला. कुंभारवाड्यात ताशे वाजले. मीही पास झालो, फारसी घेऊन. तो मुंबईला कॉलेजात गेला, मी घाण्यावर बसलो. मग पत्रक काढलं, फलाटाचा मजकूर वगळून, वर्गात पुस्तक कसं मिटलं जातं एवढंच लिहून. बरीच बोंब झाली. वरून साहेबाचा हुकूम आला, आणि माळ्याची, सोनाराची पोरं संस्कृतच्या वर्गात मागच्या बाकावर बसू लागली. लोक माझी पाठ थोपटत होते, आणि मला त्या पोरांचाही हेवा वाटत होता. मी उघडलेल्या दारातून ती आत गेली. माझी शाळा संपली होती.

मे महिन्याच्या सुट्टीत मित्र घरी आला. म्हणाला, "कॉलेजात भाषा बदलून घेता येते, तयारी असेल तर. बस, मी शिकवतो."

त्याच्या अंगणात बसलो. पहिलंच वाक्य चुकलो.

"पुन्हा म्हण."

पुन्हा चुकलो.

"घाई करू नकोस. पुन्हा."

माझ्याबरोबर विटीदांडू खेळणाऱ्याने मला 'पुन्हा म्हण' म्हणावं! शास्त्र्याने पुस्तक मिटलं तेव्हाही एवढं लागलं नव्हतं. उठून जावं असं मनात आलं. पण उठलो असतो तर तो एकटाच पुढे गेला असता, आणि ते मला सोसलं नसतं. पुन्हा म्हटलं. सबंध सुट्टीभर म्हणत राहिलो.

आता मीही कॉलेजात आहे, संस्कृत घेऊन. तो एका वर्षाने पुढे आहे आणि पुढेच राहणार. त्याच्या टिपणांवर मी अभ्यास करतो. अक्षर त्याचं फार सुंदर आहे, आणि तेही मला सहन होत नाही.