सावलीत वाळवलेली फुलं

गावाबाहेर, घरामागच्या त्या खडकाळ तुकड्यावर कुसळसुद्धा धड उगवायचं नाही. तिथे मावशींनी तरवड लावला तेव्हा लोक पोट धरून हसले. "अहो, रानात फुकट उगवणारं झुडूप कोणी लावतं का?" मावशी म्हणायच्या, "हसा लेको! हसतील त्यांचे दात दिसतील." बिया गरम पाण्यात भिजवून पेरल्या, पहिल्या वर्षी थोडंफार पाणी दाखवलं, आणि पुढे त्या झुडपांनी पाण्याचं नाव काढलं नाही. उन्हाने माणसं करपायची आणि हा पठ्ठ्या पिवळाधमक फुललेला! फुलं वाळवून त्यांचा चहा करतात, म्हणून मावशी पुड्या बांधून विकायच्या. हसणारेच पुढे त्यांचे गिऱ्हाईक झाले.

जनावरं आत शिरू नयेत म्हणून त्यांनी कडेने बिट्टीचं कुंपण केलं होतं. बिट्टीलाही पाण्याची फिकीर नाही, आणि तिला बकरीसुद्धा तोंड लावत नाही, कारण मुळापासून फुलापर्यंत ती विषारी. फूल मात्र तिचंही पिवळंच.

त्या आठवड्यात मावशी तापाने फणफणल्या होत्या. सूनबाई नवी, गुणी पोर, पण फ्लॅटमध्ये वाढलेली. तिला त्यांनी अंथरुणातूनच सांगितलं, "फुलं उन्हात नको गं घालूस, रंग जातो. सावलीत वाळव." पोरीने अगदी तस्संच केलं.

ताप उतरल्यावर मावशी भिंतीला धरत धरत बाहेर आल्या. बघतात तर काय, फुलं वाळत घातलेली चादर बिट्टीखाली! एरवी त्या फुलं पडवीत वाळवायच्या, पण ते सांगायचंच राहून गेलं होतं. आणि त्या उघड्या रानात दुसरी सावली होती तरी कुठे? बिट्टीची फुलं टपाटप गळून चादरीवर पडली होती, सुकून सुरकुतली होती. तरवडात मिसळल्यावर ती ओळखणार कोण? मावशी सुनेकडे वळल्या.

"यातली कुणाला दिलीस गं?"

"कुणालाच नाही, आई. सकाळी ह्यांना चहा करून थर्मासमध्ये भरून दिला, तेवढाच."

मुलगा बसवर ड्रायव्हर. मावशींनी फोन लावला. नुसता वाजत राहिला. गाडी चालवताना तो फोन उचलत नसे, आणि हे वळण त्यांनीच लावलेलं! नको नको ते डोळ्यांसमोर येऊ लागलं. स्टिअरिंगवर कोसळलेला मुलगा, मागे बसभर माणसं. सूनबाई हमसून रडायला लागली. "रडतेस काय, लाव परत!" मावशी खेकसल्या, पण फोन तिच्या हाती देईनात, स्वतःच पुन्हा पुन्हा लावत राहिल्या.

शेवटी त्याने उचलला. "काय गं आई? आत्ता कुठे स्टँडवर टेकतोय."

"चहा प्यायलास?"

"छे! एक घोट घेतला आणि थुंकला. कडूजहर! पण तिला सांगू नकोस हं, हिरमुसेल."

"देवा, पावलास रे बाबा!" रडता रडता मावशींना हसूच फुटलं.

"वाया नाही गेला गं. कंडक्टरने संपवला सगळा. म्हणे, कडू तेवढं औषधी."

मावशींचं हसू जागीच विरलं. "कुठे आहे तो?"

"मागच्या सीटवर आडवा झालाय. मळमळतंय म्हणत होता."

"अरे, विष आहे त्यात! उठव त्याला! तसाच दवाखान्यात ने!"

फोनमधून मुलाच्या हाका ऐकू येत राहिल्या. "ऊठ रे... अरे, ऊठ ना!" उत्तर काही येत नव्हतं.

दुपारी मावशी दवाखान्यात पोचल्या. कंडक्टर आत होता; त्याला पोचवून मुलगा बस डेपोत लावायला गेला होता. त्याची नाडी मध्येच अडखळत होती, आणि डॉक्टर "आताच काही सांगता येत नाही" एवढंच बोलत होते. बाहेर बाकावर त्याची आई बसली होती. मावशींना पुढे जायचा धीर होईना. शिव्या देईल, झिंज्या उपटेल. उपटू दे, तिचा हक्कच आहे, असं म्हणत त्या कशाबशा गेल्या.

त्या बाईने त्यांना ओळखून सरकून जागा दिली, मावशींचा हात घट्ट धरला. तिचा हात गार पडला होता.

"दोघांनी एकाच थर्मासमधला चहा घेतला म्हणे," ती घाईघाईने म्हणाली. "तुमचा मुलगा बरा आहे ना हो?"

मावशींना साधं "हो" म्हणवेना.