वाकड्या पंखांचा माल

जॉर्ज टाउनात केळ्यांचे व्यापारी पुष्कळ, पण घडाला नुसता हात लावून आत डाग आहे की नाही सांगावं ते आपल्या तुकोजीनंच. शाळा आठवीत सुटली, म्हणून काय झालं? त्याची धाकटी बहीण सुष्मिता चिलटांवर डॉक्टर होते आहे! शेजारचे दुकानदार बालाजीराव हसायचे.

"तू दिवसभर हाकलतोस तीच ना रे?"

"तीच. पण तिची एसीत राहतात," तुकोजी छाती काढून सांगायचा.

परवा प्रयोगशाळेचा तो एसीच बंद पडला. उकाड्यानं चिलटं मेली, एक बाटली वाचली. ती दुकानावरच्या घरी ठेवून सुष्मिता म्हणाली, "अण्णा, हा वाण गेला तर माझं सगळं काम पहिल्यापासून. हात लावू नकोस." आणि मेकॅनिकच्या मागे लागायला गेली.

तुकोजीनं हात कुठे लावला? आधी नुसतं भिंग लावलं. बघतो तर एकूण एक पंख टोकाला वर वळलेले! अय्यो, असला माल तिच्या सरांपुढे न्यायचा? घराण्याची अब्रू जायची! तिला करताना पाहिलं होतं तशी त्यानं बाटली फ्रिजमध्ये ठेवली, चिलटं गारठली, ती खिडकीबाहेर झटकली. मग दुकानातल्या रस्ताळी केळ्यांवरची धष्टपुष्ट, सरळ पंखांची पकडून भरली.

सुष्मिता परत आली ती बाटलीतले सरळ पंख बघून ओरडलीच.

"अण्णा, माझी चिलटं कुठायत?"

"बदलून दिली. एक नंबर माल."

"अरे, वाकडे पंख ही खूण होती! त्यांच्यातच बिघडलेला जीन होता."

"बिघडलेला कशाला पाळायचा?"

"अंड्यात एक पेशी शेजारणीला निरोप देते. निरोप पोचला की शेजारणीतले जीन चालू होतात, तेव्हा कुठे अळीच्या अंगावर काट्यांचे नीट पट्टे येतात. माझ्या काही अंड्यांत निरोपच जात नाही. जीन आहेत, पण बंद. मग सगळ्या पोटावर नुसते काटे. निरोपाचं काम त्यावरूनच कळतं ना!"

"शेजारीण बोलली नाही म्हणून काम बंद? आपल्या गल्लीत उलटं आहे."

सुष्मिता हसली नाही. डोळे भरले होते तिचे. तुकोजीनं बाटली उजेडात धरली. तो पुटपुटला, "काचेला तपकिरी दाणे चिकटलेत, ते तेवढे निघाले नाहीत..."

तिनं बाटली हिसकावली. "कोश! तुझ्या चिलटांची पोरं इतक्यात कोशात जायची नाहीत. हे माझेच!"

तिनं रस्ताळीवरची फौज हाकलून दिली. दुसऱ्या दिवशी तुकोजी दुकान सोडून बाटलीसमोर बसला. एक कोश फुटला. चिलट बाहेर आलं, पंख चुरगळलेले, ओले. हळूहळू पसरले... सरळ?... नाही! टोकं वर वळली.

तुकोजी गॅलरीत धावला. "बालाजीराव! वाकडं निघालं! एकदम वाकडं! आहे का असं तुमच्या दुकानात एक तरी?"