बंद दाराआडची जर्मन रेकॉर्ड

नांदेडहून एसटीच्या पार्सलने ते चौकोनी खोकं आलं, तेव्हाच मला वाटलं, पाणी कुठंतरी मुरतंय. आमच्या ह्यांनी गेल्या दहा वर्षांत स्वतःसाठी साधा रुमाल आणलेला मी पाहिला नव्हता. आणि आता रेकॉर्ड! तीही कुठल्याशा जर्मन रॉक बँडची. कव्हरवर मोकळ्या केसांची एक बाई, पाठमोरी.

"कुणी पाठवली?"

"दोस्तानं. माझीच हाय. होस्टेलवर असताना त्याच्याकडं राहिली होती."

दोस्त की दोस्तीण, हे मी तेव्हा विचारलं नाही. लक्षात मात्र ठेवलं.

हे इथे लातूरला एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवतात. सकाळी एक बॅच, संध्याकाळी एक, मधे दुपारी दोन तास घरी. ते दोन तास आता दार लावून जुन्या रेकॉर्ड प्लेअरसमोर जायला लागले. आतून रोज तेच. रेकॉर्डच्या एका बाजूला एकच गाणं, वीस-बावीस मिनिटांचं. आधी ऑर्गन घुमतो, मग गिटार, मग एक माणूस रडवेल्या आवाजात गातो, मग बराच वेळ नुसती बासरी. ती संपता संपता ड्रम असा धडाडून येतो, की माझ्या हातातलं भांडं पडता पडता राहायचं. तीन आठवड्यांत ते मलाही पाठ झालं. आवडलं म्हणून नाही, दाराला कान लावून.

"काय करून राहिलात दार लावून?" एकदा विचारलंच.

"काय न्हाई. ऐकून राहिलो."

छप्पन्नाव्या वर्षी! माणूस एकाएकी गप्प होतो, बायकोचं बोलणं कानामागं टाकतो, जुन्या गाण्यात रमतो, ह्याचा अर्थ कुठल्या बाईला कळत नाही?

हे क्लासला गेल्यावर मी कव्हर झटकलं. आतून वहीचा कागद पडला. ३:४०, ७:१०, ८:५५, ११:२५. प्रत्येकासमोर रोजची एक टिक नाहीतर फुली. ११:२५ समोर मात्र एकही फुली नव्हती. म्हटलं, सापडले. भेटायच्या वेळाच लिहून ठेवल्यात.

संध्याकाळी ते आल्यावर चहाच्या आधी कागद पुढ्यात टाकला. "कोण हाय ती?"

त्यांनी कागद उचलून घेतला. मग म्हणाले, "गाण्यातल्या जागा हायत त्या. कितव्या मिनिटाला काय वाजतं ते मला पाठ हाय. ऐकू आलं तर टिक, न्हाई आलं तर फुली. बासरी आता येतच न्हाई. ड्रम तेवढा येतो." कागदाची घडी घालत म्हणाले, "क्लासात पोरींचे बारीक आवाजातले प्रश्नबी कळंनात. नंतर भेट म्हणून वेळ मारून नेतो. पण ड्रम येतोय तोवर शिकवीन म्हणलं. क्लासवाल्यांना कळू देऊ नको."

हे ऐकून कुणीही विरघळलं असतं. मी नाही. फिजिक्सचा मास्तर, गोष्ट रचायला त्याला किती वेळ लागतो! संशयाला औषध नाही म्हणतात, ते माझ्यासारखीला बघूनच म्हणत असतील.

दुसऱ्या दिवशी मीही आत जाऊन बसले. हे स्पीकरसमोर डोळे मिटून, मी त्यांच्या मागं प्लेअरजवळ. बासरी सुरू झाली आणि मी हळूच सुई उचलली. खोली चिडीचूप. ऐकू येत असतं तर ते वळले असते. वळले नाहीत. मांडीवर बोटानं ताल मोजत राहिले. खरं बोलत होता माणूस. सुई पुन्हा ठेवायची असते, एवढंही मला सुचलं नाही.

मग त्यांनी बोट वर केलं. ड्रमची जागा आली होती. बोट तसंच वर राहिलं. मान पुढं केली, अजून पुढं, कपाळ स्पीकरला टेकलं. बराच वेळ तसेच बसले. मग डोळे उघडून कागद ओढला आणि ११:२५ समोर फुली मारली.

"उद्या क्लासमध्ये सांगून टाकतो," ते भिंतीकडं बघत म्हणाले. "ड्रमबी गेला."

"मी उचलली सुई!" मी पुढं जाऊन ओरडले. "अहो, मी उचलली! तुमची परीक्षा बघत होते!" स्वतःची इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

त्यांनी माझे ओठ नीट वाचले. माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मला बरं वाटावं म्हणून म्हणतीस," म्हणाले.

मी सुई लावायला धावले, तर ती नेमकी ड्रमच्या जागेवर टेकेना.