गोळीलाही उपोसथ

"आजपासून शुगरच्या गोळ्या बंद," मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, जाहीर करून टाकलं. वर्षावासाचे, पावसाळ्यातल्या धम्मश्रवणाचे दिवस होते. विहारात संध्याकाळी ग्रंथवाचन ऐकता ऐकता ते तीनदा घामाघूम होऊन आडवे झाले होते. साखरपाणी पाजलं की उठून बसत.

"शेजारचे गुरुजी त्याच गोळ्या खातेत, त्यायले काऊन काई होत नाही?" मी विचारलं.

"त्या गुरुजीलेच इचार. मी नाई खात."

त्यांच्या तळपायाला जखम होती, आणि रक्तातली साखर आटोक्यात आल्याशिवाय ती भरणार नव्हती. गोळ्या बंद म्हणजे पाय गेला, इतका सरळ हिशेब. मी शाळेत शिकवायची, लाल पेन कायम हाताशी. भिंतीवरच्या कॅलेंडरवर चक्कर आलेल्या तिन्ही तारखांना गोल केले आणि बघतच राहिले. तिन्ही चौकटींत चंद्र छापलेला. पौर्णिमा, अमावास्या, पौर्णिमा!

"मामाजी, उपोसथाच्या दिवशी तुमी बारा वाजल्यानंतर जेवत नाही. मंग संध्याकाळची गोळी?"

"घेतो ना! डॉक्टर म्हणे, एकबी चुकवू नका. गोळी काय अन्न हाय?"

रिकाम्या पोटी गोळी, म्हणून साखर एकदम खाली! मला ओरडावंसंच वाटलं. खिळ्यावरून कॅलेंडर ओढलं, गुंडाळलं, आणि आमच्या तामसी गावाहून आदिलाबादची पहिली बस धरली. मामाजी कुरकुरत मागे.

डॉक्टर तेलुगू, आमच्याशी हिंदीत बोलत. "खाना टाइम पे खाते?" असं ते दर वेळी विचारत, आणि मामाजी दर वेळी "हां साब" म्हणत. त्यांच्या लेखी तेही खरंच होतं. मी टेबलावर कॅलेंडर पसरलं, उपोसथ समजावला. डॉक्टर खुर्चीतून उठलेच.

"अरे अम्मा! मैं तो आज गोली बदलने वाला था!"

चिठ्ठीवर त्यांनी नव्यानं लिहिलं. एरवी संध्याकाळची गोळी जेवणाआधी, उपोसथाला ती घ्यायचीच नाही. गुरुजी रोज रात्री जेवतात, त्यांचं त्यांना ठीक. मामाजींना मात्र मामाजींच्या ताटाप्रमाणे.

"म्हंजे गोळीबी उपोसथ धरते," मामाजी खूश होऊन म्हणाले. "मंग खातो."

पुढच्या अमावास्येला मी विहारात मागच्या रांगेत बसले, मुठीत साखरेची पुडी. वाचन संपलं. मामाजी एका हातानं खांब धरून उठले, मग तोही सोडून चालत आले.

"मुठीत काय हाय?"

"काई नाई," म्हटलं, आणि साखर मीच तोंडात टाकली.