वूफर नको

गल्लीत तिला सगळे वाघीण म्हणत. हे नाव ठेवलं तिच्या दिरानं, ती लग्न होऊन आली त्याच वर्षी. न्हाणीघरात साप निघाला होता. घरातली पुरुषमंडळी खाटेवर चढून एकमेकांना सूचना करत होती, तेवढ्यात नव्या वहिनीनं सापावर बादली पालथी घातली, बादलीवर वीट ठेवली आणि विचारलं, "चहा कोणाकोणाला?" तेव्हापासून घरात पाल निघाली, वरच्या मजल्यावरचा दारुडा दारावर लाथा मारायला लागला किंवा कोणाला इंजेक्शन घ्यायला सोबत हवी झाली, की हाक वाघिणीलाच.

ती इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होती. चादरी, अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे डगले धुवून, वाफेच्या इस्त्रीखालून काढून, घड्या घालून वर पाठवायचे. एके सकाळी कपड्यांची गाडी ढकलत ती दारापर्यंत आली आणि तिच्या तळपायाला काहीतरी जाणवलं. कानाला नव्हे, तळपायाला. फरशीखालून कोणी जड कपाट ओढत नेत असावं, तसं. ती थांबली, तिनं खाली बघितलं, आणि मागची भिंत आत आली. बॉयलर फुटला होता.

कोणी मेलं नाही. एकीचा हात भाजला, एकाचा पाय मोडला, वाघिणीला ओरखडासुद्धा उठला नाही. भेटायला आलेले म्हणाले, थोडक्यात निभावलं. नवा बॉयलर बसला, नवी भिंत उभी राहिली, तिला फिकट निळा रंग लागला, आणि सगळे कामावर हजर झाले. वाघीणही झाली. कोणी मेलं नाही तर मग घाबरायचं कशाला, असं तिनं स्वतःलाच विचारलं. उत्तर काही सापडेना, तेव्हा तिनं तोंडाला कुलूप लावलं.

भीती मात्र आतल्या आत घर करून राहिली. रस्त्यावरून लोड भरलेला ट्रक गेला की तिचे हात गार पडत. शेजारचं कपडे धुण्याचं यंत्र पिळायला लागलं की हातातलं काम टाकून ती गॅलरीत जाई आणि वाळलेले कपडे पुन्हा चाचपून बघत राही. लिफ्टमध्ये तर पाऊलच टाकत नसे. "जिना बरा, व्यायाम होतो," म्हणायची. आता नवरा लिफ्टचा मिस्त्री आणि बायको पाच मजले चढून जाणार, म्हणजे लोकांना हसायला निमित्तच. तीही हसायची. वाघीण म्हटल्यावर हसणं भागच होतं.

मिस्त्रीला सिनेमाचं वेड होतं. व्यसन म्हणाल तर तेवढं एकच. जवळचं थिएटर बंद पडलं तेव्हा घरातलं कोणी गेल्यासारखा तो दोन दिवस जेवला नव्हता. पुढे कंपनीनं त्याला कामासाठी गाडी दिली, तशी त्यानं जुनी स्कूटर विकली आणि संध्याकाळी आई आणि बायको दोघींना समोर बसवून जाहीर केलं, "या पैशाचं घरात थिएटर करायचं."

त्यानं अभ्यास जोरदार केला होता. छापील माहितीपत्रकं, त्यांवर लाल पेनाच्या खुणा. टीव्हीच्या दोन बाजूंना दोन स्पीकर, मध्ये एक, पाठीमागे दोन, सगळ्यांना आवाज वाटून देणारा ॲम्प्लिफायर आणि कोपऱ्यात हा, असं म्हणून त्यानं एका चित्रावर बोट ठेवलं. काळा चौकोनी खोका होता, लहान मुलाला आत बसता येईल एवढा.

"हा वूफर. याचा आवाज कानाला ऐकू नाही येत, पायाला कळतो. भिंत हादरते म्हणे! जमीन थरथरते!"

वाघिणीनं माहितीपत्रक उलटं ठेवलं. "भिंत कशाला हादरवायची?" ती म्हणाली. "मालक भाडं वाढवेल."

सासूबाई मटार सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"मला ते शब्द नीट ऐकू यावेत एवढं बघा बाबा," त्या म्हणाल्या. "हल्ली टीव्हीवर सगळे तोंडात सुपारी धरून बोलतात."

त्या आठवड्यात वाघिणीला झोप अशी लागली नाही. पायाला कळतो. हे दोन शब्द तिच्या मानगुटीवर बसले. धुलाईखान्यात निदान सुट्टीची घंटा होती. घरी आलं की दार लावून घेता येत होतं. आता तीच थरथर घराच्या कोपऱ्यात, टीपॉयशेजारी, पैसे मोजून आणून बसवायची. मिस्त्री टेप घेऊन कोपरा मोजत होता आणि ती स्वयंपाकघरातून बघत होती. कोणी शवपेटीचं माप घेत असावं, तसं तिला वाटलं.

नको म्हणायला कारण हवं. खरं सांगायची सोय नव्हती. म्हणून रविवारी तिनं पर्स उचलली. "मी पण येते दुकानात."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"पैशातलं कळतं."

दुकान मोठं होतं. पुढे फ्रिज, टीव्ही, मिक्सर. मागे एक खास खोली. भिंतींना जाड गाद्या, दाराला रबर, आत चार खुर्च्या. विक्रेता बारीक अंगाचा, गोड बोलणारा माणूस होता. "बसा ताई. ऐकल्याशिवाय घेऊच नका," म्हणत त्यानं दार लावलं. दार लागल्याचा आवाजही झाला नाही. बाहेरचं जग पुसून टाकल्यासारखं नाहीसं झालं.

आधी पावसाचा आवाज आला. डावीकडून उजवीकडे सरकला. मग पाठीमागे पावलं वाजली आणि वाघीण गर्रकन वळली. मागे कोणी नव्हतं, भिंतीवर दोन स्पीकर होते. मिस्त्री लहान पोरासारखा हसत होता. पडद्यावर बोगदा दिसला. बोगद्याच्या टोकाला दिवा.

आणि तळपायाला ते लागलं.

पुढचं तिला आठवत नाही. ती दाराबाहेर होती, धुण्याच्या यंत्रांच्या खोक्यांमधल्या बोळात, पाठ पुठ्ठ्याला टेकलेली. एका पायात चप्पल होती, दुसऱ्यात नव्हती. ती हातांनी काहीतरी ढकलत होती. बघितलं तर रिकामी हवा. भिंत येणार, आता येणार, या एका गोष्टीखेरीज तिच्या डोक्यात काही नव्हतं. गालिच्यावरून येणारी मिस्त्रीची पावलं तिनं ऐकली आणि पदर सावरला.

त्याच्या हातात तिची चप्पल होती. "काय झालं गं?"

"गुदमरलं आत. हवाच नाही." आवाज स्वतःचा वाटेना. पण वाघीण ती वाघीण. चप्पल घातली, काउंटरपाशी गेली आणि बोलू लागली. वूफर नको. मागचे स्पीकर नकोत. तेवढ्या पैशात मधला स्पीकर चांगला घ्या, आईंना बोलणं कळायला हवं.

विक्रेता म्हणाला, "ताईंचं खोटं नाही. बजेट कमी असेल तर आधी पुढचे तीन चांगले घ्यावेत. बोलणं सगळं मधल्यातून येतं. पाच हलके घेण्यापेक्षा तीन दमदार बरे. पण साहेब, वूफरशिवाय मजा..."

"वूफरशिवाय मजाच नाही!" मिस्त्री म्हणाला.

"अंथरूण पाहून पाय पसरावेत," वाघीण म्हणाली.

काहीच न घेता दोघं बाहेर पडले. रस्त्यात वळणावर थांबून मिस्त्री एवढंच म्हणाला, "एवढ्या वर्षांत मी स्वतःसाठी काय मागितलं गं? माझी एक हौस तुझ्या डोळ्यांत खुपली."

तिला रडू आलं, ते तिनं गिळलं. भित्री ठरण्यापेक्षा कंजूष ठरलेली बरी, असं ती चालताना मनाशी म्हणत राहिली. पण ते तिला पटत नव्हतं. शेजारून चालणारा माणूस भिंतीपलीकडे गेल्यासारखा वाटत होता.

घरी आल्यावर मिस्त्री अंघोळीला गेला. सासूबाईंनी तिला जवळ बसवलं.

"काय घेतलंत?"

"काही नाही. वूफर म्हणत होते, मी नको म्हटलं. तुम्हाला बोलणं ऐकू यायला मधला..."

"माझ्या कानांच्या आड किती दिवस लपशील?"

वाघीण उठायला लागली.

"कान गेले असतील माझे, डोळे शाबूत आहेत," सासूबाई म्हणाल्या. "ट्रक गेला की तू आधी भिंतीकडे बघतेस आणि मग माझ्याकडे. कोणी बघितलं की काय, म्हणून. कपडे वाळलेत की नाही हे बघायला दिवसातून दहादा गॅलरीत कोण जातं? मी म्हटलं, सांगेल आपणहून. तू कसली सांगतेस! सापावर बादली घातलीस ना, ती अजून धरूनच बसली आहेस."

"आई, कोणी मेलं नाही हो त्यात," वाघीण म्हणाली.

"तू मेली असतीस ना," सासूबाई म्हणाल्या आणि तिचा गार पडलेला हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

मिस्त्री टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर आला तो बायकोला रडताना बघूनच. दुकानातल्या बोलण्यावरून रडते आहे असं वाटून तो म्हणाला, "जाऊ दे, नको तर नको." तेव्हा ती बोलली. तुटक, मागचं पुढे, पुढचं मागे. तळपाय, फरशी, निळी भिंत, लिफ्ट. "लिफ्ट निघाली की खालून तसंच येतं हो. तुम्ही दुरुस्त केलेली असली तरी येतं." हे सांगताना तिला सगळ्यात जास्त लाज वाटली.

मिस्त्री खाली बसला. आपण टेप घेऊन कोपरा मोजत होतो आणि ही बघत होती, हे त्याला आठवलं असावं, कारण त्यानं एकदा त्या कोपऱ्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. मग त्यानं मिस्त्री विचारेल तसाच प्रश्न विचारला.

"आवाजाची भीती वाटते, की तो कधी येईल ते कळत नाही याची?"

तिनं विचार केला. असं तिला कोणी विचारलं नव्हतं. "कधी येईल याची," ती म्हणाली.

"अडकलेल्या लिफ्टमधली माणसं तशीच असतात. त्यांना आतून थांबायचं बटण दाखवलं की अर्धी शांत होतात. अर्धी नाही होत," तो प्रामाणिकपणे म्हणाला.

पुढच्या रविवारी दोघं पुन्हा गेले. या वेळी मिस्त्रीनं दार उघडं ठेवायला लावलं आणि रिमोट तिच्या हातात दिला. वाघिणीनं चपला काढून बाजूला ठेवल्या. पळायची वेळ आलीच तर एक तरी मागे राहायला नको. पाऊस आला, पावलं आली. बोगदा दिसला तशी तिची बोबडी वळली. अंगठा बटणावर होता. थरथर फरशीतून वर चढू लागली आणि तिनं दाबलं. सगळं गप्प. घामानं पाठ भिजली होती. "पुन्हा लावा," ती म्हणाली. दुसऱ्यांदाही तिनं दाबलंच. तिसऱ्यांदा थोडं उशिरा. भीती तसूभरही कमी झाली नव्हती. फक्त या खेपेला ती खुर्चीत होती आणि दोन्ही चपला जागेवर होत्या.

"वूफर नको," मिस्त्रीच विक्रेत्याला म्हणाला. "पुढचे तीन द्या, त्यातला मधला सगळ्यात चांगला. ॲम्प्लिफायर साधाच, पण दणकट." वायर तो स्वतः ओढणार होता, स्टँड स्वतः करणार होता, त्यामुळे स्कूटरच्या पैशात सगळं बसलं.

घरी पहिल्या दिवशी सासूबाईंनी सिनेमातलं प्रत्येक वाक्य ऐकलं आणि प्रत्येक वाक्यावर मत दिलं, त्यामुळे बाकीच्यांना काही ऐकू आलं नाही. वादळाच्या प्रसंगात वाघिणीनं आवाज खाली केला. मिस्त्रीचा चेहरा किंचित पडला. ते तिनं पाहिलं. हौस ती हौसच. काही दिवसांनी त्यानं कानांवर लावायचे मोठे हेडफोन आणले आणि लढाया तो एकटा, आपल्या डोक्याच्या आत, लढू लागला.

वाघीण अजूनही जिनाच चढते. ट्रक गेला की हात गार पडतात. पण एक गोष्ट तिनं केली. धुलाईखान्याच्या मुकादमाकडे जाऊन ती उभी राहिली. पहिलं वाक्य तिला दोनदा म्हणावं लागलं. बॉयलरच्या भिंतीला लागून मला काम नको, शिलाईच्या टेबलावर टाका. मला भीती वाटते.

"तुम्हाला?" मुकादम म्हणाला. "बाई, तुम्हाला?"

"हो. मला."

त्यानं कुरकुर केली, माणसं कमी आहेत म्हणाला, आणि सोमवारपासून टाकलं. फाटक्या चादरींना ठिगळं लावायचं काम, वरच्या मजल्यावर, खिडकीजवळ. तिथे बसल्यावर पहिल्याच दिवशी दुपारी, हात भाजलेली ती बाई जिना चढून आली. अजूनही ती खाली त्याच वाफेत काम करत होती. उभ्या उभ्याच तिनं ओढणीचं टोक बोटांवर गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"ताई," ती हळूच म्हणाली, "तुम्ही त्यांना नेमकं काय सांगितलंत?"

वाघिणीनं सुई खोचली आणि शेजारचं स्टूल तिच्याकडे सरकवलं.